ही माझी भाची

अंडी निवडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे तिची सासूसुद्धा कबूल करायची, आणि सासू म्हणजे अशी बाई, की बाहेर ऊन पडलंय हेही सहजासहजी कबूल करणार नाही. दोन्ही हातांत दोन-दोन अंडी घ्यायची, हलकेच एकमेकांवर टेकवून फिरवायची. धड अंडं खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बसकं वाजतं. बाकीच्यांना दिव्याच्या खोक्यावर धरून बघावं लागायचं, हिला नाही. धड ती ट्रेमध्ये, तडकलेली बादलीत, घाण लागलेली ओल्या फडक्याशेजारी. दीड हजार कोंबड्यांची शेड, वर पंख्यांची घरघर, आणि वास असा की नवा माणूस डोळे पुसत बाहेर पळावा. ती सकाळी सातला बसायची आणि ट्रे संपले की उठायची. मध्ये कोणी हाक मारली तर मान वर करायची, इतकंच.

हाक तरी कशी? "ए पलीकडची!" सीमेपलीकडून आणलेली म्हणून पलीकडची. सासू म्हणायची, दीर म्हणायचा, खाद्याची पोती टाकायला येणारा टेम्पोवाला म्हणायचा. नवरा काहीच म्हणायचा नाही. तो समोर येऊन उभा राहायचा आणि तिला कळायचं काय हवंय ते. मनाने वाईट नव्हता बापडा, पण आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

आता तुम्ही म्हणाल, नाव नव्हतं का तिला? एक सोडून दोन होती. एक आईने ठेवलेलं, ते सीमेअलीकडे कोणाला ठाऊक नव्हतं. दुसरं कागदावरचं. तिला आणणाऱ्यांकडे तेव्हा एक कागद तयार पडला होता, त्यावर जे नाव होतं ते हिला मिळालं, दुकानात तयार कपडे मिळतात तसं. मापाचं नसलं तरी घालायचं.

शेजारच्या बायका म्हणायच्या, ही बधिर आहे. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं काहीसं. फक्त हिच्या सुईचा अंमल अठरा वर्षं उतरला नव्हता. पहिली दोन मुलं पोटातच गेली तेव्हा ती रडली नाही. आई गेल्याचं महिन्याभराने कळलं, तेव्हा अर्ध्यावर आलेला ट्रे तिने पूर्ण भरला. मग एक मुलगी झाली, ती जगली, आणि तिच्याकडे बघताना मात्र तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. मुलगी आता बारा वर्षांची, सातवीत, हुशार. शाळेतून आली की शेडच्या दारात उभी राहून ट्रे मोजायची आणि "तीस गुणिले चौतीस, आई, हजारावर वीस!" असं ओरडायची. दिवसभरात तेवढाच काय तो आनंद.

ती इथे कशी आली, तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल.

अठरा वर्षांपूर्वी तिच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या बाईने तिच्या दादाला सांगितलं, पलीकडे शिवणाचा मोठा कारखाना आहे, मुलींना राहायला खोल्या देतात. दादा तेव्हा नुकता वेल्डिंग शिकत होता, पदरी वर्षाची पोर, घरात वडील नव्हते. त्याने स्वतः तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि "पोचलीस की कळव" म्हणाला.

सीमेवरच्या ठाण्यात बायकांची खिडकी वेगळी होती, अजूनही आहे. नियम असा, की पंचविशीच्या आतली मुलगी ओलांडायला आली, तर तिच्याबरोबर नात्यातली बाई हवी, आणि त्या बाईने खिडकीशी उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं, ही माझी अमुक. मग वहीत दोघींचे अंगठे. मुली पळवून नेतात त्याला आळा बसावा म्हणून काढलेला नियम. कसला डोंबलाचा आळा! मुली नेणाऱ्यांनी या कामाला बायकाच ठेवल्या. रोज सकाळी यायचं, दोन-तीन भाच्या ओलांडून द्यायच्या, जेवायला घरी.

तर ठाण्याच्या अलीकडे अशी एक बाई बसमध्ये चढली. कपाळाला बाम चोळलेला, वास दोन बाकं पलीकडे जात होता. हिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हा तुझा कागद. यावरचं नाव ते तुझं नाव. मी तुझी आत्या. माझं नाव हे. म्हण बघू तीनदा." हिने दोन्ही नावं तीनदा म्हटली. परदेशी कामाला जायची हीच पद्धत असेल, असं तिला वाटलं. खिडकीशी बाईने तिचा हात घट्ट धरला आणि जांभई देत म्हणाली, "ही माझी भाची." अंगठे झाले. पलीकडे पोचल्यावर बाईने हात सोडला आणि परतीच्या रस्त्याला लागली. हिने मागून हाक मारली, "आत्या!" खरोखर मारली, कारण तिथे ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं. बाईने वळून बघितलं नाही.

पुढे चार दिवस एका खोलीत, आणखी दोन मुलींबरोबर. पाचव्या दिवशी सासू आणि नवरा आले. सासूने तिचे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "चालेल." असा झाला तिचा सगळा लग्नसोहळा.

यंदा सासूच्या डोक्यात धाकट्या मुलाचं लग्न आलं. दीर अडतीस वर्षांचा. पहिली बायको आठ महिन्यांत निघून गेली होती. ती इथलीच होती, तिला जायला घर होतं. आता जवळपासचं कोणी मुलगी देईना.

एका सकाळी सासू टेबलाशी येऊन बसली. "तुझ्या भावाची मुलगी केवढी झाली?"

"एकोणीस."

"काय करते?"

"शाळा झाली. काम शोधतेय म्हणे."

"मग आपल्याकडे काम आहे की! अंडी भरायचं मशीन घेतोय, चालवायला मुलगी हवी, म्हणून सांग."

"मशीन कुठे आहे?"

"सांगायला काय जातंय? तुला शिवणाचा कारखाना सांगितला होता, होता का कारखाना? मग? काय वाईट झालं तुझं? दोन वेळा खातेस, अंगभर नेसतेस, पोर शाळेत जाते."

ती अंडी फिरवत राहिली. सासू उठता उठता म्हणाली, "शेडमध्ये दोन हात कमी पडतात, ते मला कुठूनतरी आणायचेच आहेत. भाची आली तर ठीक. नाही आली तर तुझ्या पोरीची शाळा पुरे झाली. बघ बाई, तुझं तू ठरव."

दीर दारात उभा होता. "खिडकीसाठी बाई ठरवू का?" त्याने आईला विचारलं. "वहिनीच्या वेळी घेतली होती तशी?"

"डोकं आहे का तुला? घरात सख्खी आत्या असताना भाड्याची कशाला?"

दोघंही हसले. चूक झाली ती इथे. पण ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही.

निघायच्या दिवशी सासूने आपल्या गळ्यातली सोन्याची साखळी काढून हिच्या गळ्यात घातली, कानातलेही दिले. "तिथे भिकारणीसारखी उभी राहिलीस तर कोण पाठवेल पोरगी?" आरशात बघायची तिला सवय नव्हती, दिराने मोबाईलमध्ये फोटो काढून दाखवला. फोटोत एक खात्यापित्या घरची बाई होती.

माहेरी अठरा वर्षांनी पाऊल टाकलं. दाराशी दादा उभा, केस पांढरे झालेले, हातांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. तिला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्याची नजर साखळीवर गेली. "सुखी दिसतेस गं," तो म्हणाला. त्या दोन दिवसांत हे त्याने इतक्यांदा म्हटलं, की वहिनी शेवटी वैतागली. पण त्याचंही चुकत नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने तिला बसमध्ये बसवलं होतं ना! गल्लीतल्या त्या बाईबद्दल पुढे काय काय कानावर आलं होतं, आणि ते कानाआड करत त्याने अठरा वर्षं काढली होती. आता बहीण सोनं घालून दारात उभी राहिली म्हणजे तो सुटला. त्याला तिचं सुख हवं होतं, स्वतःसाठी हवं होतं.

दिराने तर सगळ्यांना खिशात घातलं. दादाला दादा, वहिनीला ताई, मुलीला बेटा. मुलीसाठी नवा मोबाईल आणलेला. मशीनबद्दल असं रंगवून सांगितलं, की हिलासुद्धा क्षणभर वाटलं, शेडमध्ये मशीन आलंय की काय.

जेवताना ती म्हणाली, "दादा, नको पाठवू तिला."

दीर हसत म्हणाला, "वहिनी, का बरं?"

दादाने तिच्याकडे बघितलं. "का गं? तुझं काही वाईट झालंय का?" त्याचा चेहरा असा झाला होता, की आता ही काय बोलते यावर त्याचं सगळं आयुष्य ठरणार.

"नाही," ती म्हणाली. "तसं काही नाही."

"मग झालं तर!" असं म्हणून त्याने तिच्या ताटात वाढलं.

भाची तिला एकटी सापडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, गच्चीवर, कपडे वाळत घालताना. पोरगी बोलकी, तोंडाचा पट्टा सारखा चालू. तिथे हवा कशी, तिथे शिकता येईल का, तुझी मुलगी माझ्याशी बोलेल ना.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

"काय?"

"तब्येतीचं सांग, काहीही सांग. येऊ नकोस."

"अगं पण का?"

अठरा वर्षांचं का, एका वाक्यात कसं सांगायचं? "मशीन नाहीये," ती म्हणाली.

"मग हाताने भरेन. तू भरतेसच ना?"

"तुला दिराला देणार आहेत."

भाची हसायलाच लागली. "त्या काकांना? आत्या, काहीही! ते मला बेटा म्हणतात." मग हसू थांबलं. "आणि तू एवढी त्रासात आहेस, तर ही साखळी कुठली?"

"माझी नाही. सासूची आहे."

"सासू गळ्यातली साखळी काढून देते म्हणजे जीवच लावते की तुला! माझ्या आईला आजीने साधी बांगडी दिली नाही कधी." भाचीने टोपली उचलली. "तू गेलीस तेव्हा तुला कोणी अडवलं नाही. आता मी निघाले तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

ती खाली निघून गेली. हिला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. मी सांगितलं, तिने ऐकलं नाही, माझं काम झालं. मुलीची शाळा वाचली. राहिलेले दोन कपडे तिने दोरीवर टाकले, चिमटे लावले आणि खाली येऊन बसली.

परतीच्या बसमध्ये भाची खिडकीशी बसली, ती मध्ये, दीर पलीकडे. दादा निरोपाला आला होता. त्याने खिडकीतून पाण्याची बाटली दिली. "पोचलात की कळवा," म्हणाला. तिने मान हलवली.

ठाण्यावर उतरल्यावर दीर पुरुषांच्या खिडकीकडे गेला. जाता जाता म्हणाला, "पलीकडे चहाच्या दुकानापाशी थांबतो. या दोघी आरामात." तिकडची रांग भराभर सरकते. पुरुषांना कोणी नातं विचारत नाही.

बायकांची रांग लांब होती. पत्र्याचं छप्पर, खाली तापलेली फरशी, पुढे जाळी लावलेली खिडकी. भाचीची बडबड हळूहळू बंद झाली. मग तिने गुपचूप आत्याच्या हातात हात दिला. तळवा घामाने ओला होता.

त्यांच्या पुढे एक बाई आणि एक मुलगी होती. मुलगी अठराचीही नसेल. तिचे ओठ सारखे हलत होते, काहीतरी पाठ केलेलं घोकत असल्यासारखे. खिडकीतून प्रश्न आला. बाई घड्याळ बघत म्हणाली, "ही माझी भाची." मुलीने आत्याचं नाव सांगितलं, कागदाशी जुळलं. अंगठे झाले. दोघी दाराबाहेर पलीकडच्या उन्हात गेल्या. जाळीतून तिला दिसलं, बाईने हात सोडला आणि वळून दुसऱ्या दाराकडे निघाली. मुलगी तिथेच उभी राहिली. "आत्या," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो आत्या!"

"पुढच्या या," खिडकीतली बाई म्हणाली.

खिडकीतली कर्मचारी म्हणजे एक जाडसर, दमलेली बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिने दोघींचे कागद घेतले. "ही कोण तुमची?"

तिने तोंड उघडलं. वाक्य तीन शब्दांचं. खरं तर या खिडकीवर कित्येक वर्षांत कोणी हे वाक्य खरं म्हटलं नसेल, ती म्हणू शकत होती. शाळेच्या वहीतलं आपल्या मुलीचं अक्षर तिच्या डोळ्यांसमोर आलं. हातातला ओला तळवाही होता. तिने तो हात सोडला.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"बसमध्ये शेजारी बसली होती."

भाची आधी हसली. आत्या गंमत करतेय असं तिला वाटलं. मग तिने तिचा चेहरा बघितला. "आत्या! काय बोलतेस? आत्या!"

कर्मचारी बाईने चष्मा डोळ्यांवर आणला. "ती तर आत्या म्हणतेय तुम्हाला."

"म्हणणारच. शिकवून आणतात ना."

खिडकीमागे वीस वर्षं नोकरी केलेली बाई, तिला हे का ठाऊक नसणार? भाची जाळीला धरून सांगत होती, ही माझ्या बाबांची सख्खी बहीण आहे, दोन दिवस आमच्याकडे राहिली, माझ्या बाबांना विचारा. अशा बसवून आणलेल्या मुलीही हेच सांगायच्या, अगदी याच शब्दांत.

"बरं," कर्मचारी म्हणाली. "आत्याचं नाव सांग."

भाचीने लगेच सांगितलं. आजीने ठेवलेलं, दादाच्या तोंडी असलेलं, घरातलं नाव. कर्मचारी बाईने कागद खालीवर बघितला. "पुन्हा सांग." भाचीने पुन्हा तेच सांगितलं, यावेळी मोठ्याने.

"कागदावर हे नाही."

"मग ते... ते सासरचं असेल."

"असू दे. सासरचं सांग."

भाचीला ते ठाऊक नव्हतं. कसं असणार? अठरा वर्षांत त्या घरात कोणी विचारलं नव्हतं. भाड्याची आत्या असती तर बसमध्ये तीनदा म्हणवून घेतलं असतं. ही सख्खी, म्हणून पाठ करून घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दिराच्या नाही, सासूच्या नाही. खऱ्या नात्याची तयारी कोण करतं हो?

एक वर्दीतली बाई आली आणि तिने भाचीला बाकावर नेऊन बसवलं. "घरचा पत्ता सांग. संध्याकाळच्या आत तुला पोचवतो. रडू नकोस, सुटलीस असं समज." भाची रडत नव्हती. ती आत्याच्या गळ्यातल्या साखळीकडे बघत होती.

"आणि तू गं," कर्मचारी आता तिच्याकडे वळली, तुम्हीवरून तूवर आली. "भाड्याचीच ना? ऐनवेळी पाय लटपटले?"

कर्मचारी बाईने दुसरी एक वही काढली आणि कागदावरचं नाव त्यात उतरवून घेतलं. "तुझी राहायची जागा पलीकडे आहे म्हणून जाऊ देते. पण पुन्हा या खिडकीवर दिसलीस, कुठल्याही बाजूने, तर आत टाकेन. जा."

ती गेली. तीन शब्दांचं एक वाक्य म्हणायचं टाळलं आणि भाची गेली, भाऊ गेला, माहेरचा रस्ताही गेला. तिला काय वाटलं म्हणाल, तर पाय दुखत होते. पलीकडच्या उन्हात ती दुसरी मुलगी अजून तिथेच उभी होती आणि एक माणूस तिची पिशवी उचलत होता. हिने तिच्याकडे बघितलं, आणि चालत राहिली. एकीपुरतंच बळ होतं तिच्यात, आणि ते संपलं होतं.

चहाच्या दुकानाशी दीर उठून उभा राहिला. "पोरगी कुठे?"

"थांबवली. तिला माझं कागदावरचं नाव सांगता आलं नाही."

शब्द न शब्द खरा. दिराने कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! ते शिकवायचं राहिलंच की!" घरी पोचेपर्यंत तो स्वतःलाच शिव्या घालत होता. सासूने वर त्याला घातल्या. "दोन दिवस काय नुसता जेवत होतास का रे तिथे?" मग हिच्याकडे वळली आणि हिने पाण्याचा घोट घ्यायच्या आधी गळ्यातली साखळी काढून घेतली.

सोमवारपासून मुलीची शाळा बंद झाली. नवरा आईसमोर एकदा "पण..." म्हणाला, त्यापुढे त्याची गाडी गेली नाही. मुलीने दप्तर खाटेखाली सरकवलं आणि टेबलाच्या समोरच्या बाजूला स्टूल ओढून बसली. अंडी टेकवून ऐकायचं कसं ते आईने दाखवलं. पोर हुशारच, दोन दिवसांत शिकली. ट्रे मोजून ओरडायचं मात्र तिने बंद केलं. आईने एकदा विचारलं, "तीस गुणिले एक्केचाळीस?" मुलीने उत्तर दिलं नाही. तिला येत होतं.

सहाव्या दिवशी नवरा शेडमध्ये आला, मोबाईल पुढे धरून. "तुझा भाऊ आहे," म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्याने आधीच बरंच ऐकलंय.

तिने फोन कानाला लावला. दादा ओरडत नव्हता, त्याचा आवाज फाटला होता. "तोंडावर म्हणालीस, ओळखत नाही? माझ्या पोरीला? चोरासारखी वर्दीतल्या बाईबरोबर घरी आली ती. अख्खी गल्ली बघत होती. तुझ्या सुखात वाटेकरी नको होता, तर सरळ सांगायचंस! आई गेली ते बरं झालं." मागे भांड्यांचा आवाज येत होता, वहिनीचं काहीतरी चाललं होतं, आणि मग भाचीचा आवाज आला, अगदी स्पष्ट, "बाबा, ठेवा तो फोन. मी ओळखत नाही त्या बाईला."

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "आम्हाला तू मेलीस." फोन बंद झाला.

तिने तो नंतरही कानाला धरून ठेवला होता. पोरगी घरात होती. आईच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, बापावर आवाज चढवत होती.

बाहेरून सासूची हाक आली, "कोणाचा फोन होता रे?"

नवरा तिच्याकडे बघत उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. त्याने तिच्या हातातून मोबाईल घेतला, खिशात घातला. "खाद्यवाल्याचा," तो ओरडून म्हणाला आणि बाहेर गेला. आईशी खोटं बोलायची त्याची बहुतेक पहिलीच वेळ असावी.

मुलगी टेबलापलीकडून बघत होती. सहा दिवसांत ती आपणहून पहिल्यांदा बोलली. "आई, मागे कोण ओरडत होतं?"

"ती?" ती म्हणाली. "ती माझी भाची."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं, शेडभर ऐकू जाईल असं. हातांत चार अंडी तशीच होती. मुलीने उठून एकेक अंडं तिच्या बोटांतून सोडवलं, कानाशी वाजवून बघितलं आणि ट्रेमध्ये ठेवलं.